रंगाच्या खालचे काम : जुन्या लष्करी गाड्या गंजापासून वाचवताना

बेळगावच्या कॅम्प भागात लहानाचा मोठा झालेल्या माणसाला लष्करी गाडीचा रंग लांबूनच ओळखता येतो. मराठा लाइट इन्फंट्रीचे रेजिमेंटल सेंटर शहरातच आहे आणि खानापूर, निपाणी व सीमेपलीकडच्या चंदगड तालुक्यातल्या गावांतून पिढ्यान्‌पिढ्या माणसे फौजेत गेली आहेत. त्यामुळे लिलावात निघालेली जुनी विलीज जीप, जोंगा गाडी किंवा शक्तिमान ट्रक विकत घेऊन तिला पूर्वीचे रूप देण्याची हौस या भागाला नवी नाही. इंजिनाचे काम जाणणारे मेस्त्री आपल्याकडे भरपूर आहेत आणि पत्राकाम करणारे हातही आहेत. अशा गाड्यांचा घात बहुधा रंगकामात होतो, कारण रंगाखाली व्हायला हवे होते ते काम राहून गेलेले असते.

लष्करी गाडीला ही चूक इतर गाड्यांपेक्षा महागात पडते आणि त्याचे कारण तिच्या बिनचमक रंगात आहे. चकचकीत रंगात राळेचे प्रमाण भरपूर असते, त्यामुळे वाळल्यावर त्याचा गुळगुळीत, बंद थर बनतो आणि पाणी त्यावरून ओघळून जाते. मॅट, म्हणजे बिनचमक, रंगात चमक घालवण्यासाठी रंगद्रव्य आणि सिलिकासारखी बारीक भुकटी जास्त घातलेली असते. त्याचा पृष्ठभाग खडबडीत राहतो, त्यावर पाणी आणि धूळ रेंगाळतात आणि थर थोडाफार सच्छिद्रही असतो. म्हणजे ज्या थराकडे लोक बघतात तो थर पाणी अडवण्याच्या कामाला फारसा उपयोगी नाही. ते काम प्रायमरने (रंगाआधी पत्र्याला देतात त्या थराने), सांध्यांतल्या फटी बुजवणाऱ्या सीलंटने आणि पोकळ भागांत सोडलेल्या मेणाने करायचे असते.

हे मला पहिल्या जीपने शिकवले. गणपती विसर्जन झाले, चार दिवस ऊन पडले आणि तेवढ्या उघडिपीवर विसंबून मी वायर ब्रशने घासलेल्या पत्र्यावर रेड ऑक्साइड या तांबड्या प्रायमरचा एक हात आणि वर मॅट रंगाचे दोन हात मारून घेतले. गाडी दिसायला देखणी झाली होती. पुढच्या श्रावणात गाडीच्या मजल्यावर मसुराएवढे फुगे आले, आणि त्यांतला एक फोडून बघावा म्हणून लावलेला स्क्रूड्रायव्हर सरळ खाली जमिनीला टेकला.

असे का होते, हे थोडक्यात समजून घेतले तर पुढच्या पायऱ्या पाठ कराव्या लागत नाहीत. लोखंड गंजायला पाणी आणि प्राणवायू दोन्ही लागतात, आणि त्या पाण्यात मीठ विरघळलेले असले तर गंजण्याचा वेग वाढतो. रंगाचा कोणताही थर पाण्याची वाफ पूर्णपणे अडवू शकत नाही. थोडी वाफ आत जातेच. खाली पत्रा स्वच्छ असेल आणि प्रायमर त्याला घट्ट चिकटलेला असेल तर त्या वाफेला जमायला जागा मिळत नाही. खाली मीठ किंवा जुना गंज राहिला असेल तर तो पाणी ओढून घेतो, तिथे फुगा येतो, आणि नव्याने तयार होणारा गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापत असल्याने रंगाला आतून उचलतो.

मुहूर्त हवामानाचा

आपल्या भागाचे हवामान एकसारखे नाही. कणकुंबी-जांबोटीकडे पाऊस कोकणासारखा कोसळतो, बेळगाव शहरात पावसाळाभर झिमझिम आणि ओल असते, तर अथणीकडे अनेकदा आभाळ नुसते भरून येते आणि निघून जाते. तरीही उघड्या शेडमध्ये रंगकाम करणाऱ्याने जून ते ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत प्रायमरचा डबा उघडूच नये, असे माझे मत आहे. त्या काळात गाडी सोडवणे, कुजलेला पत्रा कापणे, वेल्डिंग करणे आणि सुटे भाग मिळवणे ही कामे उरकावीत. सर्वांत चांगले दिवस फेब्रुवारी आणि मार्चचे. नोव्हेंबर ते जानेवारीत हवा कोरडी वाटते, पण रात्रीच्या दवाने पत्रा सकाळी उशिरापर्यंत ओला असतो, म्हणून या महिन्यांत साडेदहाच्या आधी आणि दुपारी चारनंतर रंग फवारायची गन हातात धरू नये. एप्रिलपासून दुपारी वळवाचा भरवसा नसतो, आणि उन्हात तापलेल्या पत्र्यावर थिनर हवेतच उडून गेल्याने रंग कोरड्या भुकटीसारखा बसतो.

नियम असा आहे की, पत्र्याचे तापमान दवबिंदूपेक्षा (ज्या तापमानाला हवेतली वाफ पाणी होऊन बसू लागते त्याहून) किमान ३ अंशांनी जास्त असावे आणि हवेतली आर्द्रता ८५ टक्क्यांच्या वर नसावी. हवा २५ अंश आणि आर्द्रता ८५ टक्के असेल तर दवबिंदू २२ अंशांच्या किंचित वर येतो. म्हणजे पत्रा २५ अंशांहून अधिक उबदार हवा. जाड चासी (गाडीचा खालचा सांगाडा) रात्रभर गार झालेली असते आणि हवेपेक्षा बराच वेळ गार राहते, त्यामुळे हवेचे तापमान बघून फसगत होते. पत्र्याचे तापमान दाखवणारी इन्फ्रारेड बंदूक आणि आर्द्रतामापक या दोन्ही वस्तू आता स्वस्त झाल्या आहेत. त्या नसतील तर ओल्या फडक्याने चासीवर एक पट्टा पुसावा. तो दहा-पंधरा मिनिटांत वाळला नाही तर त्या दिवशी दुसरे काम काढावे.

गंज बसतो कुठे

बाहेरून दिसणारा गंज बहुधा निरुपद्रवी असतो. खरा गंज दोन पत्रे जिथे एकमेकांवर येतात तिथे, पाणी साचणाऱ्या खोलगटात आणि आतून कधीच रंग न लागलेल्या पोकळीत असतो. म्हणून बॉडी चासीवरून उतरवल्याशिवाय रंगाचा विचार करू नये. बॉडी न उतरवता केलेले काम स्वस्त पडते हे खरे, पण ते दुसऱ्यांदा करावे लागते.

दुसऱ्या महायुद्धात विलीज आणि फोर्ड या दोन कंपन्यांनी मिळून सहा लाखांहून अधिक जीप बनवल्या. त्यांच्या मजल्याखाली टोपीच्या आकाराच्या पट्ट्या आहेत, त्यांना मेस्त्रीही हॅट चॅनल म्हणतात, आणि त्यांच्या पोकळीत लाकडाचे ठोकळे बसवलेले असत. हे लाकूड एकदा भिजले की महिनोन्‌महिने वाळत नाही, आणि मजला वरून ठीक दिसत असताना खालून कुजत जातो. चॅनलला खालून हातोडीने टिचकी मारावी. खणखणीत आवाजाऐवजी बद्द आवाज आला तर वेल्ड सोडवून ते उघडावे. लाकूड पुन्हा बसवायचे असेल तर ते पूर्ण सुकवून, कापलेल्या टोकांसह सर्व बाजूंनी इपॉक्सी (दोन डब्यांतली द्रव्ये मिसळल्यावर कडक होणारा लेप) लावूनच बसवावे. याच जीपमध्ये चालकाच्या आसनाखाली पेट्रोलची टाकी एका खोलगटात बसते. त्या खोलगटाचे पाणी जाण्याचे भोक चिखलाने बुजलेले नाही अशी जीप मी क्वचितच पाहिली आहे. मागच्या चाकांवरच्या हत्यारपेट्यांचे तळ, काचेच्या चौकटीची खालची बाजू, बॉडी आणि चासी यांच्यामध्ये घातलेल्या कापडी पट्ट्यांखालची जागा आणि चासीचे पेटीसारखे बंद भाग हेही नीट तपासावेत. दरवाजे असलेल्या गाड्यांत दरवाजाच्या तळाची घडी बघावी. ट्रकच्या हौद्याला लाकडी फळ्या असतील तर फळी आणि लोखंडी पट्टी यांच्यामधली जागा उघडून पाहावी.

खानापूरकडच्या गाड्यांबाबत एक सूचना करतो. तिकडची तांबडी माती आणि गंज यांचा रंग इतका सारखा असतो की, धुण्याआधी केलेले निदान दोन्ही बाजूंनी चुकते. मी एकदा संपूर्ण क्रॉसमेंबर (चासीची आडवी पट्टी) फुकट गेला असे समजून हळहळलो होतो आणि पाण्याच्या फवाऱ्याखाली तो जवळजवळ नवा निघाला. उलटही घडते. गोव्याहून किंवा कारवारकडून आणलेल्या गाडीच्या बाबतीत मात्र पाहणीआधीच सावध असावे, कारण खाऱ्या हवेत राहिलेल्या पत्र्याच्या खड्ड्यांत मीठ घट्ट बसलेले असते.

गंज काढणे

आधी तेल आणि ग्रीस काढावे, मग गंज. हा क्रम उलटला तर ब्लास्टिंगचा (जोराने कण मारून पत्रा साफ करण्याचा) मारा आणि ब्रशची घासणी ते ग्रीस पत्र्याच्या खड्ड्यांत ठोकून बसवतात आणि वरचा प्रायमर नंतर पोपड्यांसारखा निघतो. डिग्रीजर किंवा कपडे धुण्याच्या सोड्याचे गरम पाणी, त्यावर दाबाने स्वच्छ पाणी आणि शेवटी थिनरने ओले केलेले, प्रत्येक वेळी बदललेले फडके वापरावे. आणखी एक धोका असा की, जुन्या लष्करी गाड्यांवरच्या थरांत शिसे असू शकते. पूर्वी गंजरोधक म्हणून वापरला जाणारा शेंदरी प्रायमर म्हणजे शिशाचाच शेंदूर. म्हणून जुना रंग कोरडा घासून त्याची धूळ उडवू नये. रंग काढण्याचे रसायन लावावे किंवा ओला पॉलिश पेपर वापरावा, योग्य गाळणीचा मास्क घालावा आणि पोरांना शेडमध्ये फिरकू देऊ नये.

चासी, अॅक्सल आणि जाड पत्र्याच्या भागांसाठी ब्लास्टिंगला तोड नाही. वायर ब्रश गंजाला चकाकी आणतो आणि आपल्याला तो गेल्यासारखा वाटतो, पण खड्ड्यांच्या तळाशी तो तसाच असतो. ओतकाम आणि यंत्रकामाचे गाव असल्याने बेळगावात उद्यमबागेच्या परिसरात ब्लास्टिंग करून देणारे सापडतात, पण तिथे गाडी नेताना एक गोष्ट नीट सांगून ठेवावी. ओतीव भाग साफ करण्यासाठी बनवलेल्या, चाकाने गोळ्या फेकणाऱ्या शॉट ब्लास्टिंग यंत्रात मडगार्ड किंवा बॉनेट घालू देऊ नये. एक-सव्वा मिलिमीटरचा पत्रा त्या माऱ्याने ताणला जातो, त्याला लाटा येतात आणि त्या पुन्हा सरळ होत नाहीत. पातळ पत्र्यासाठी बारीक गार्नेट (एका कठीण खनिजाचे कण), ३० ते ४० पीएसआय (हवेच्या दाबाचे माप) इतका कमी दाब, तिरपी नळी आणि एका जागी न थांबणारा हात लागतो. नदीची वाळू कोणत्याही भागासाठी वापरू नये, कारण तिच्या धुळीने सिलिकोसिस हा फुप्फुसांचा असाध्य आजार होतो. चासीसाठी 'एसए २½' हा स्वच्छतेचा दर्जा मागावा. त्यात पत्रा जवळजवळ पांढरा, करड्या झाकेचा दिसतो आणि त्यावर फक्त फिकट सावल्यांसारखे डाग राहिलेले चालतात.

ब्लास्टिंग झालेला पत्रा म्हणजे उघडी जखम. त्याला उघड्या हाताने शिवू नये, कारण घामातल्या मिठाचे ठसे दुसऱ्या दिवशी पिवळे उमटतात. साधारण चार तासांच्या आत त्यावर प्रायमर चढला पाहिजे. म्हणून ब्लास्टिंगवाल्याकडे सकाळी पहिला नंबर लावावा आणि जमले तर प्रायमरही त्याच आवारात मारून गाडी घरी आणावी. घरापर्यंतच्या प्रवासात ट्रॉलीवर पडलेल्या दोन सरी सगळी मेहनत वाया घालवू शकतात. मीठ राहिल्याची शंका असेल तर मात्र घाई करू नये. ब्लास्ट केलेला भाग रात्रभर तसाच ठेवावा. सकाळी खड्ड्यांतून काळपट ठिपके उमटलेले दिसले तर तिथे मीठ आहे असे समजून दाबाच्या पाण्याने धुवावा, वाळवावा आणि पुन्हा हलके ब्लास्ट करावा. धुण्यासाठी बोअरचे क्षारयुक्त पाणी नको. पावसाळ्यात छपराच्या पत्र्यावरून पिंपात धरून ठेवलेले पाणी या कामाला फार चांगले.

बिजागऱ्या, कडी, ब्रॅकेट, जेरीकॅनची चौकट अशा लहान भागांसाठी आपल्या ऊसपट्ट्यात एक स्वस्त उपाय हाताशी आहे. एक भाग काकवी किंवा मळी आणि नऊ भाग पाणी असे द्रावण प्लॅस्टिकच्या पिंपात करून त्यात ग्रीस काढलेले भाग बुडवून ठेवावेत. काकवीतले घटक गंजातल्या लोखंडाला धरून पाण्यात सोडवून नेतात आणि खालच्या चांगल्या लोखंडाला फारसा धक्का लागत नाही. एक ते तीन आठवडे लागतात, थंडीत जास्त. पिंप घरापासून लांब ठेवावे, कारण आंबलेल्या द्रावणाच्या वासावरून घरात वाद होतात, आणि झाकणही घट्ट नसावे. अॅल्युमिनियम किंवा जस्ताचे ओतीव भाग त्यात चुकूनही टाकू नयेत. ते खाल्ले जातात. पाटे आणि स्प्रिंगा कोणत्याही आम्लात बुडवू नयेत, कारण आम्लातून निघणारा हायड्रोजन कठीण पोलादात शिरून ते ठिसूळ करतो.

धुण्याचा सोडा आणि बॅटरी चार्जर वापरून विजेने गंज काढण्याची पद्धतही उत्तम आहे. गंजलेला भाग ऋण टोकाला आणि साधे लोखंड धन टोकाला जोडावे. स्टेनलेस स्टील तिथे वापरू नये, त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरते. हायड्रोजन वायू निघत असल्याने काम उघड्यावर करावे.

गंज बदलणाऱ्या रसायनांबद्दल, म्हणजे बाजारात कन्व्हर्टर म्हणून मिळतात त्यांच्याबद्दल, लोकांच्या फार अपेक्षा असतात. लोखंडी कढईत आवळा शिजवला की तो काळा पडतो, हिरड्याच्या पाण्याने विळ्याचे पाते काळवंडते. टॅनिन हे तुरट द्रव्य असलेला कन्व्हर्टर तेच करतो. गंजातल्या लोखंडाशी टॅनिनचा संयोग होऊन काळा, तुलनेने स्थिर थर बनतो. पण तो जितका खोल पोचतो तितकाच बनतो. जाड पापुद्र्यांखालचा गंज जसाच्या तसा राहतो. ब्रश आणि ब्लास्टिंग पोचत नाही अशा कोपऱ्यांपुरताच त्याचा वापर ठेवावा. फॉस्फोरिक आम्लाचा कन्व्हर्टर वापरला तर डब्यावरच्या सूचनेप्रमाणे तो धुऊन काढावा, कारण आम्लाचा अंश राहिलेल्या जागी इपॉक्सी नीट चिकटत नाही.

प्रायमर आणि सांधे

गॅरेजमध्ये आजही पहिला हात रेड ऑक्साइडचा असतो. त्यातला तांबडा लोह-ऑक्साइड गंज रोखत नाही, तो केवळ रंगद्रव्य आहे, आणि साधा रेड ऑक्साइड प्रायमर सच्छिद्र असल्याने उघड्यावर ठेवला तर महिन्याभरात ओल पितो. शेताच्या फाटकाला तो पुरतो. लष्करी गाडीवर वर मॅट रंग येणार असल्याने खाली झिंक फॉस्फेट असलेला दोन डब्यांचा इपॉक्सी प्रायमर घ्यावा. झिंक क्रोमेट जुन्या काळी नावाजलेले होते, पण ते कर्करोगकारक आहे. झिंकचे, म्हणजे जस्ताचे, प्रमाण खूप असलेला प्रायमर फक्त ब्लास्ट केलेल्या उघड्या लोखंडावर काम करतो, कारण जस्ताचा लोखंडाला प्रत्यक्ष स्पर्श असावा लागतो; कन्व्हर्टरवर तो मारणे म्हणजे पैसे घालवणे. शिवाय जस्तावर थेट साधा सिंथेटिक इनॅमल मारला तर कालांतराने त्यांच्यामध्ये साबणासारखा थर बनून रंग सुटतो, त्यामुळे मध्ये इपॉक्सी हवाच.

बेस (मूळ प्रायमर) आणि हार्डनर (तो कडक करणारे द्रव्य) अंदाजाने मिसळू नयेत. कंपनीच्या पत्रकात दिलेले प्रमाण मापाने घ्यावे, ढवळावे, आणि सांगितले असेल तितका वेळ, बहुतेक वेळा १५ ते ३० मिनिटे, मिश्रण मुरू द्यावे. आपल्या मार्चच्या उकाड्यात डब्यातले मिश्रण पत्रकात लिहिलेल्या वेळेपेक्षा लवकर घट्ट होते, म्हणून एका वेळी थोडेच करावे. कॉम्प्रेसरच्या टाकीतले पाणी दर तासाला सोडावे. पाणी अडवणारी गाळणी कॉम्प्रेसरला चिकटून न बसवता सात-आठ मीटर नळीनंतर बसवावी. तोवर हवा थंड होते आणि तिच्यातली वाफ पाणी होऊन गाळणीत अडकते.

गन चालवण्याआधी ब्रश घ्यावा. ओला रंग आकसताना धारदार कडेवरून मागे सरकतो आणि कडेवर थर सर्वांत पातळ राहतो, म्हणून गंज कडेपासून सुरू होतो. सगळ्या कडा आधी ग्राइंडरने साधारण २ मिलिमीटर त्रिज्येच्या गोल कराव्यात, मग कडा, वेल्डच्या रेघा, भोकांचे काठ आणि रिव्हेटची डोकी यांना ब्रशने इपॉक्सीचा एक हात द्यावा, आणि त्यानंतर संपूर्ण भागावर गन फिरवावी. या कामाला पेंटर कुरकुरतात. मी ते स्वतः करतो.

चासीवर वाळलेल्या प्रायमरचा एकूण थर १५० मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आसपास असावा, बॉडीवर १०० चालतो. ओल्या थराची जाडी कंगव्यासारख्या छोट्या पट्टीने मोजता येते: रंगात घन भाग ६० टक्के असेल तर १०० मायक्रॉन ओला थर वाळून ६० राहतो. ब्लास्टिंगने आलेल्या बारीक दातांची उंची ४० ते ६० मायक्रॉन असते, म्हणून एका पातळ हाताने त्यांची टोके उघडीच राहतात आणि आठ दिवसांत प्रायमरवर तांबड्या मोहरीसारखे ठिपके दिसतात. दोन हातांमधले अंतर पत्रकातल्या मुदतीत ठेवावे. मुदत उलटली तर पॉलिश पेपरने खरवडल्याशिवाय पुढचा हात देऊ नये. गार, दमट रात्री वाळलेल्या इपॉक्सीवर सकाळी कधीकधी तेलकट साय आलेली असते. ती साबणाच्या पाण्याने धुऊन काढावी, घासून नव्हे, कारण घासल्याने ती पसरते.

लांबी (खड्डे भरायची पुट्टी) नेहमी इपॉक्सीच्या वर भरावी, उघड्या पत्र्यावर नाही. लांबीतली शंखजिऱ्याची भुकटी पाणी शोषते, त्यामुळे तिच्यावर पाणी लावून पॉलिश पेपर चालवणे म्हणजे रंगाखाली स्वतःच्या हाताने ओल ठेवणे. ती कोरडीच घासावी आणि तिच्यावर पुन्हा इपॉक्सी द्यावा. खरे तर लष्करी गाडीला आरशासारखा सपाट पत्रा शोभतच नाही, तेव्हा लांबी जितकी कमी तितके बरे.

पहिला इपॉक्सी वाळल्यावर सर्व सांध्यांत पॉलियुरेथेन सीलंट भरून बोटाने दाबून बसवावे. हार्डवेअरच्या दुकानातले, व्हिनेगरसारखा वास येणारे सिलिकॉन वापरू नये. ते वाळताना आम्ल सोडते आणि त्याच्यावर कोणताही रंग टिकत नाही. मात्र प्रत्येक सांधा बंद करायचा नसतो. पाणी आत येऊ शकते तो सांधा बंद करावा आणि पाणी बाहेर जाते ती खालची फट मोकळी ठेवावी. बोल्टने जुळणारे भाग सुटे सुटे रंगवावेत, जुळणाऱ्या दोन्ही अंगांना प्रायमर लागलेला असावा, आणि जोडणीच्या वेळी बोल्ट आवळताना खरचटलेल्या जागा त्याच दिवशी ब्रशने भरून घ्याव्यात. अॅल्युमिनियमचा भाग लोखंडाला थेट लागू देऊ नये. मध्ये रबराची किंवा नायलॉनची चकती घालावी.

वरचा रंग आणि आतले मेण

रंगाची छटा निवडण्यापूर्वी कायदा पाहावा. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांतील नियम १२१ नुसार संरक्षण खात्याच्या गाड्यांखेरीज इतर मोटारगाड्यांना ऑलिव्ह ग्रीन रंग देता येत नाही. भारतीय मानकाच्या 'आयएस ५' या तक्त्यात ही छटा २२० क्रमांकाची आहे, आणि दुकानदार डबा विनातक्रार देतो म्हणून रस्त्यावर ती चालते असे नाही. रस्त्यावर फिरवायच्या गाडीसाठी वाळूसारखा, करडा किंवा वेगळा रंग निवडावा आणि रंगबदलाची नोंद परिवहन कार्यालयात करून घ्यावी. हे आधी ठरवल्याने सगळे काम दोनदा करण्याची वेळ येत नाही.

मॅट रंगाची उणीव भरून काढायची एक युक्ती आहे. इपॉक्सीवर त्याच छटेच्या चकचकीत, दोन डब्यांच्या पॉलियुरेथेन रंगाचा एक हात द्यावा, तो पत्रकाप्रमाणे वाळल्यावर हलका खरवडावा, आणि त्यावर त्याच जातीच्या मॅट रंगाचा हात द्यावा. पाणी अडवणारा बंद थर आत राहतो आणि बाहेरून गाडी हवी तशी निस्तेज दिसते. इपॉक्सी उन्हाने खडूसारखा भुरभुरीत होतो, म्हणून तो वरच्या रंगाशिवाय महिनोन्‌महिने उघडा ठेवू नये. पॉलियुरेथेनच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असते आणि त्याने कायमचा दमा जडू शकतो. तोंडाला रुमाल बांधून हे काम करणारे पेंटर मी पाहिले आहेत. बाहेरून शुद्ध हवा पुरवणारा मुखवटा नसेल तर वरचा थर साध्या सिंथेटिक मॅट इनॅमलचा द्यावा आणि तो काही वर्षांनी पुन्हा मारावा लागेल हे स्वीकारावे.

रंग पूर्ण कडक झाला की पोकळ भागांची पाळी. चासीच्या बंद पेट्या, हॅट चॅनल आणि दरवाजांचे तळ यांत लांब, लवचीक नळीने पोकळीसाठीचे मेण फवारावे. ते सांध्यांत झिरपते, मऊ राहते आणि खालच्या भोकांतून थेंब पडू लागले की पोचले असे समजावे. फवारल्यावर ती भोके तारेने पुन्हा मोकळी करावीत. पावसाळ्याच्या तोंडावर गाडीच्या पोटाला इंजिनातले काळे ऑइल मारण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे. त्या ऑइलमध्ये आम्ल जमलेले असते, ते रबरी बूश फुगवते, जमिनीत मुरून विहिरीपर्यंत जाते, आणि एकदा मारलेल्या चासीवर पुढे रंग टिकवणे जवळजवळ अशक्य होते. जाड डांबरी अंडरकोटिंगही मी करू देत नाही. ते तडकते, तडकीतून पाणी आत जाते, आणि आतला गंज डोळ्यांना दिसतही नाही.

रंग झाल्यानंतर

गाडी झाकायला प्लॅस्टिकचा कागद नको. त्याच्या आत रात्री पाणी धरते. सुती कॅनव्हास बरा, पण तोही भिजला तर काढून वाळवावा. गोठ्याच्या शेजारी किंवा खताच्या पोत्यांच्या खोलीत गाडी उभी करू नये, कारण गोमूत्रातला अमोनिया आणि खतातले क्षार रंगाच्या प्रत्येक ओरखड्यावर नेम धरून बसतात. मजल्यावर रबरी मॅट टाकायची असेल तर पावसाळ्यात ती काढून ठेवावी. बॅटरीखालची पेटी वर्षातून दोनदा खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवावी. खंडेनवमीला पूजा अवश्य करावी, परंतु झेंडूची माळ आणि हळदीकुंकू संध्याकाळी उतरवावे. मॅट रंगात शिरलेला ओल्या झेंडूचा डाग पुढच्या दसऱ्यापर्यंत सोबत करतो. तो घालवायला पॉलिश चोळू नये, कारण त्या जागी कायमचा चकाकता पट्टा उमटतो.

मृगाच्या आधी एकदा आणि दिवाळीनंतर एकदा गाडीखाली आडवे होऊन प्रत्येक ओरखडा, प्रत्येक सांधा आणि पाणी जाण्याचे प्रत्येक भोक बघावे. गेल्या वर्षी माझ्या जीपच्या टाकीखालचे भोक कुंभारमाशीने मातीचे घर बांधून पक्के लिंपून टाकले होते आणि वर चार बोटे पाणी साचले होते. तेव्हापासून चालकाच्या आसनामागे सायकलची एक जुनी स्पोक खोचून ठेवलेली असते.